सारसाचे घरटे आणि चौथा दशांश

सारसासारख्या पक्ष्याच्या गणनेतली एक नोंद कागदाच्या एका ओळीत मावते. तारीख, वेळ, गाव, तलावाचे किंवा बोडीचे (लहान तळ्याचे) नाव, अक्षांश-रेखांश, प्रौढ पक्षी किती, पिल्ले किती, घरटे दिसले का, शेत कोणाचे, मोजणारा कोण. अशा ओळींची बेरीज होऊन शोधनिबंधात एक आकडा येतो, फार तर एखादा तक्ता आणि आलेख. वाचकाला आकडा दिसतो. ओळी मात्र मोजणाऱ्याच्या वहीत, संगणकात नाहीतर कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर राहतात. या ओळी म्हणजे संशोधनाचा डेटा. शासकीय मराठीत त्याला ‘विदा’ म्हणतात, पण तो शब्द परिपत्रकाबाहेर फारसा फिरकत नाही. निबंधाबरोबर हा डेटाही कोणालाही पाहता, तपासता आणि पुन्हा वापरता येईल असा ठेवावा, अशी अपेक्षा आता अनेक संशोधन-पत्रिका करतात, काही तर तशी अटच घालतात. त्या ओळीतला एकेक रकाना उघडून पाहिला की ही अट वाटते तितकी सोपी राहत नाही.

महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. भंडाऱ्यात आणि चंद्रपुरात त्याच्या नोंदी झाल्या, पण बोटांवर मोजण्याइतक्याच. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच असा हा क्रौंच. पूर्ण वाढलेला सारस माणसाच्या उंचीला येतो. धानाच्या बांधीत, तलावाच्या काठच्या देवधानात (रानभातात) आणि नदीच्या पात्रात तो वावरतो. पावसाळ्यात गवत-पेंढ्याचा मोठा ढीग रचून मादी त्यावर बहुधा दोन अंडी घालते. घरटे इतके मोठे आणि उघड्यावर असते की धुऱ्यावरून चालणाऱ्यालाही ते दिसते. गणना होते जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. तेव्हा बोड्या आटलेल्या असतात आणि उरलेल्या पाण्यावर सारस गोळा झालेले असतात. ‘सेवा’ ही गोंदियाची संस्था आणि वनविभाग यांची पथके पहाटेच ठरलेल्या ठिकाणी जाऊन बसतात. वैनगंगा आणि वाघ नद्यांच्या पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा लागतो, आणि सारसाला राज्याची हद्द ठाऊक नसते. अलीकडे रात्र काढलेली जोडी पलीकडे चरायला गेली तर दोन्ही राज्यांच्या वहीत चढणार. म्हणून दोन्ही काठांवर एकाच वेळी मोजून नोंदी जुळवून पाहाव्या लागतात. डेटा वाटून घेण्याची गरज इथे निबंध लिहिण्याच्या कितीतरी आधी, आकडा काढतानाच पडते.

जिल्ह्यातली सारसांची संख्या काही वर्षांपूर्वी चाळिशीच्या आसपास होती, नंतर ती तिशीकडे उतरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, आणि जिल्हा पातळीवर सारस संवर्धन समित्या आल्या. तीस-चाळीस पक्ष्यांच्या समूहात चार पक्षी कमी होणे म्हणजे दहावा हिस्सा जाणे. पण ही घट खरी की त्या दिवशी एखाद्या तलावावर पथकच पोचले नव्हते, हे नुसत्या बेरजेवरून कळत नाही. त्यासाठी कोणत्या तलावावर कोण, किती वाजता, किती वेळ बसले होते हे दिसावे लागते. सारस दिसला नाही अशा ठिकाणाची ‘शून्य’ ही नोंदही जपावी लागते. बहुतेक वह्यांतून नेमकी तीच गळते, कारण काही दिसलेच नाही तर लिहायचे काय, असा साधा हिशेब असतो.

डेटा झाकून ठेवल्याची किंमत भारताने एकदा ठळकपणे मोजली आहे. राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात २००४च्या सरकारी गणनेनुसार डझनाहून जास्त वाघ होते. २००५मध्ये शोध घेतला तेव्हा एकही सापडला नाही. पंजांच्या ठशांवरून काढलेले ते आकडे वर्षानुवर्षे छापले जात होते, पण त्यामागचे ठसे बाहेरच्या कुणाला स्वतंत्रपणे पडताळून पाहता येत नव्हते. वैद्यकातले उदाहरण अधिक ताजे आहे. करोनाच्या साथीत, २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’ या नामांकित पत्रिकेत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयी एक निबंध आला. ६७१ रुग्णालये आणि ९६ हजारांहून जास्त रुग्ण, असा त्याचा आधार सांगितला होता. त्या निबंधामुळे औषधाच्या जागतिक चाचण्या थांबवल्या गेल्या. शंका आल्यावर तपासनिसांनी मूळ डेटा मागितला, तो पुरवणाऱ्या कंपनीने दिला नाही, आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. अवघ्या तेरा दिवसांचे आयुष्य. डेटा पहिल्या दिवशीच मागितला असता तर तेवढेही मिळाले नसते.

निबंधाच्या शेवटी ‘रास्त विनंती केल्यास डेटा उपलब्ध होईल’ असे एक वाक्य असते. या वाक्याची परीक्षा २०२२मध्ये एका अभ्यासाने घेतली. असे लिहिणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना खरोखरच विनंती धाडली, तर ९३ टक्क्यांनी उत्तर दिले नाही किंवा नकार दिला. यात सगळीकडे लबाडीच असते असे नाही. विद्यार्थी पदवी घेऊन जातो, ईमेल बंद होतो, संगणक बिघडतो. प्राणी आणि वनस्पतींवरच्या जुन्या निबंधांची २०१४मध्ये छाननी झाली, तेव्हा निबंधाला एकेक वर्ष होत जाते तशी त्याचा डेटा हाती लागण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी घसरत जाते, असे आढळले. वहीला वाळवी लागते तीच ही गोष्ट.

म्हणजे डेटा उघडा ठेवण्याच्या बाजूने बोलणारी कारणे भक्कम आहेत. गोंदियाच्या ओळीत अडतो तो अक्षांश-रेखांशाचा रकाना.

गोंदिया शहर साधारण २१.४६ उत्तर अक्षांश आणि ८०.२० पूर्व रेखांशावर आहे. दशांश चिन्हापुढचा प्रत्येक अंक जागा दहापट नेमकी करतो. एक अंक ठेवला तर सुमारे ११ किलोमीटरची खूण मिळते, दोन ठेवले तर सव्वा किलोमीटरच्या आतली, तीन ठेवले तर शंभरेक मीटरची. चौथ्या अंकाला ती ११ मीटरवर येते. तलावांच्या या जिल्ह्यात पहिल्या अंकापर्यंतच्या चौकोनात कितीतरी तलाव आणि बोड्या बसतात, आणि त्यात घरटे शोधायचे तर माणसाला दिवसच्या दिवस घालवावे लागतील. चौथा अंक त्याला थेट बांधीच्या धुऱ्यावर नेऊन उभा करतो. अंडी उचलणाऱ्याला तेवढे पुरते. नुसता छायाचित्रकार गेला तरी तो घरट्याजवळ तासभर तळ ठोकतो, तेवढा वेळ जोडी अंड्यांवरून उठून दूर उभी राहते, आणि ऊन व कावळे आपले काम करतात. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये हे अंक पुष्कळदा आपोआप बसलेले असतात. ते काढून टाकले तरी मागे दिसणारा विजेचा खांब किंवा देवळाचा कळस गावच्या माणसाला पुरेसा असतो.

ही भीती काल्पनिक नाही. चीन आणि व्हिएतनाम यांच्या सीमेजवळच्या चुनखडीच्या डोंगरांत राहणाऱ्या एका पालीचे शास्त्रीय वर्णन १९९९मध्ये छापून आले. नव्या जातीची मूळ जागा सांगायची, हा प्राणिशास्त्राचा शिरस्ताच. पाळीव प्राण्यांच्या बाजारात तिला भाव आला, पकडणाऱ्यांनी निबंध हाताशी धरला, आणि काही वर्षांतच त्या मूळ जागेवरून ती नाहीशी झाली. २०१७मध्ये ‘सायन्स’ या पत्रिकेत दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी दुर्मीळ जातींची ठिकाणे छापूच नयेत, असे लिहिले. त्यांना त्याच पत्रिकेतून उत्तरही मिळाले: छापावे, पण तारतम्याने. हा वाद आजही संपलेला नाही.

भारतात या भीतीला त्याआधीच वाघाच्या गळ्यातल्या कॉलरची जोड मिळाली होती. मध्य प्रदेशातल्या एका वाघाच्या उपग्रह कॉलरची माहिती भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञाच्या ईमेलवर येत असे. २०१३मध्ये त्या खात्यात पुण्याहून शिरण्याचा प्रयत्न झाला, आणि सर्व्हरने तो अडवला. कोण होते, हेतू काय होता, हा भाग वेगळा. वाघ दर काही तासांनी कुठे असतो हे सांगणारी फाइल म्हणजे जंगलाची किल्ली आहे, एवढे त्यातून सगळ्यांना कळले. गोंदिया-भंडाऱ्याच्या हद्दीवरचे नवेगाव-नागझिरा हे २०१३मध्येच व्याघ्र प्रकल्प झाले. २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरीच्या जंगलातून आणलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या गेल्या, त्याही कॉलर घालून. त्यांच्या हालचालींचा अभ्यास कधीतरी छापून येणार, यायलाच हवा. वाघिणी सोडण्याचा हा प्रयोग इतर प्रकल्पांनाही करायचा आहे, आणि त्यांना तपशील लागेल.

यावर काढलेला मार्ग सगळे उघडे आणि सगळे बंद यांच्या मधून जातो. जैवविविधतेच्या नोंदी एकत्र करणाऱ्या जीबीआयएफ या आंतरराष्ट्रीय जाळ्याने २०२०मध्ये आपल्या सूचना नव्याने प्रसिद्ध केल्या. जात किती धोक्यात आहे, तिला बाजारभाव आहे का, ठिकाण आधीच जगजाहीर आहे का, हे पाहून दशांशाचे किती अंक ठेवायचे ते ठरवावे, असे त्या सांगतात. पक्षिनिरीक्षकांच्या ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर संवेदनशील ठरवलेल्या जातींची ठिकाणे २० किलोमीटरच्या चौकोनापलीकडे दाखवली जात नाहीत. इथे एक पथ्य पाळावे लागते. अंक छाटावेत, पण खोटे अंक घालू नयेत. घरटे मुद्दाम चारदोन किलोमीटर सरकवून दाखवले, की पुढचा अभ्यासक त्यावरून नकाशा काढतो आणि सारस साल-बांबूच्या टेकडीवर राहतो असा शोध लावतो. काय झाकले, किती झाकले आणि का, हे फाइलमध्येच स्पष्ट लिहायचे असते. झाकणे लपवले तर तो डेटा बिघडलेला डेटा होतो.

पण छाटलेले अंकही सारसाला मारू शकतात. गोंदियात सारसांच्या मृत्यूंमागे शेतातल्या औषध फवारण्यांबरोबर विजेच्या तारा हे मोठे कारण आहे. एवढा जड पक्षी तलावावरून उठला की चटकन वळू शकत नाही. कोणत्या दोन खांबांमधल्या तारेला आवरण घालायचे किंवा कोणती वाहिनी जमिनीखालून न्यायची, हे ठरवायला वीज कंपनीच्या अभियंत्याला तोच चौथा दशांश हवा. अकरा किलोमीटरच्या चौकोनाचे तो काय करणार? म्हणून एकाच डेटाच्या दोन प्रती ठेवण्याची पद्धत रूढ होत आहे. ढोबळ प्रत सगळ्यांसाठी. नेमकी प्रत भांडारात कुलपाखाली, आणि ती कोणाला, कशासाठी, कोणाच्या निर्णयाने मिळेल याचा नियम मात्र जाहीर. हा नियम जाहीर नसला, की ‘संवेदनशील’ हा शब्द गैरसोयीची माहिती अडवायला फार उपयोगी पडतो. रस्ता, धावपट्टी किंवा वाळूघाट यांच्या आड येणारे घरटे चटकन संवेदनशील ठरू शकते.

शेत कोणाचे, हा रकाना वरवर निरुपद्रवी वाटतो. घरटे राखल्याबद्दल शेतकऱ्याला मोबदला किंवा शाबासकी द्यायची तर त्याची नोंद लागतेच. नाव छापायचे नाही म्हणून अभ्यासक ते पुसतो आणि गावाचे नाव व गट क्रमांक ठेवतो. इथे फसगत आहे. महाराष्ट्रात सातबारा महाभूलेखवर घरबसल्या दिसतो. जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक टाकला की खातेदाराचे नाव समोर, आणि भूनकाशावर त्या तुकड्याची आकृतीही. म्हणजे अक्षांश छाटून, नाव पुसून झाल्यावरही गट क्रमांकाने दोन्ही परत दिले. एकेक माहिती निर्दोष असते, दोन जुळल्या की माणूस सापडतो. कोणता रकाना धोक्याचा, हे ठरवताना बाहेर आणखी काय काय उघडे पडले आहे तेही पाहावे लागते, आणि ते परदेशी नियमावलीत लिहिलेले नसते. सातबारा माहीत असलेल्यालाच ते सुचते.

माणसांच्या आरोग्याच्या डेटाला हीच अडचण शतपटीने येते. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर समाजांत आढळतो. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः बहुधा ठणठणीत असतो, पण लग्न जुळवताना ‘वाहक’ हा शब्द मुलीला चिकटला की तिचे काय होते हे वेगळे सांगायला नको. कोणत्या तालुक्यात वाहकांचे प्रमाण किती, हे उघड झाल्याशिवाय औषधे आणि तपासणीची सोय होणार नाही. मात्र त्या फाइलमध्ये गाव, जात, वय आणि लिंग एवढेच ठेवले आणि त्या गावात त्या जातीची तीनच घरे असली, तर एकोणीस वर्षांची मुलगी कोण हे अख्ख्या गावाला कळते. अशा फाइलमध्ये वय गटांत बांधतात, गावाऐवजी तालुका ठेवतात, आणि फार थोडी माणसे असलेला खण रिकामा सोडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची नीतितत्त्वे संमती आणि गोपनीयता या दोन्हींचा आग्रह धरतात. खासगी माहितीचा कायदा २०२३मध्ये झाला, त्यात संशोधनासाठी सवलत आहे, पण सवलत म्हणजे मोकळीक नव्हे.

संमतीचा प्रश्न कागदावरच्या अंगठ्याने मिटत नाही. अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासी समाजाने १९९०च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी विद्यापीठाला रक्त दिले. त्याच रक्तावर पुढे मनोविकार, जवळच्या नात्यांतले विवाह आणि त्यांचे पूर्वज कुठून आले असे अभ्यास झाले. पूर्वजांविषयीचा अभ्यास तर त्यांच्या स्वतःच्या उत्पत्तिकथेलाच छेद देणारा होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१०मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर व उरलेले रक्ताचे नमुने परत दिले. म्हणून आता पहिल्याच भेटीत विचारावे लागते: ही माहिती उद्या दुसरे कुणी, दुसऱ्याच कामासाठी वापरले तर चालेल का? गोंदियात हे वाक्य मराठीत लिहून भागत नाही. समोरच्याची घरची बोली गोंडी किंवा पोवारी असू शकते.

पारंपरिक ज्ञानाच्या बाबतीत उघडे आणि झाकलेले यांचे नाते उलटेसुलटे होते. गोंदिया-भंडाऱ्यातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बांधले मुख्यतः कोहळ्यांनी आणि त्यांतले मासे, पाणवनस्पती ओळखतो ढिवर. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, कोणती बेशरम या तणासारखी उपटून टाकायची, हे त्याच्या तोंडी असते. ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेने ढिवरांबरोबर हे ज्ञान नोंदवले आणि त्याच्या आधाराने तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम केले. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव लोकजैवविविधता नोंदवहीही करायची असते. ती नोंदवही संकेतस्थळावर टाकावी का? ‘नाही’ म्हणणाऱ्याला औषध कंपनी दिसते. पण हळदीची गोष्ट दुसऱ्या बाजूने बोलते. जखम भरून यायला हळद वापरण्याचे पेटंट १९९५मध्ये अमेरिकेत दिले गेले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने ते १९९७मध्ये रद्द करून घेतले. आजीबाईच्या बटव्यात हळद असते, हा युक्तिवाद तिथे चालत नव्हता. छापील पुरावा लागला, आणि जुने ग्रंथ व १९५३चा एक निबंध कामी आले. हळद छापली गेली होती म्हणून वाचली. त्यानंतर २००१मध्ये सुरू झालेले पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल भांडार मात्र मुख्यतः पेटंट कार्यालयांनाच उघडे ठेवले गेले. ढिवराच्या तोंडचे ज्ञान ग्रंथातही नाही आणि त्या भांडारातही नाही. त्याचा निर्णय ढिवरांच्या संस्थेने आणि ग्रामसभेने घ्यावा, असे आदिवासी डेटाविषयीची २०१९ची ‘केअर’ तत्त्वे सुचवतात. २०१६ची ‘फेअर’ तत्त्वे फाइल सापडावी, उघडावी, जुळावी, पुन्हा वापरता यावी एवढेच पाहतात. फाइल कोणाची, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता.

प्रत्यक्ष ठेवण्याची रीत फार अवघड नाही. झेनोडोसारख्या मोफत भांडारात फाइल चढवली की तिला कायमचा क्रमांक मिळतो, आणि निबंधासारखाच तिचाही दाखला देता येतो. प्राण्यांच्या हालचालींसाठी मूव्हबँक आहे, भारतीय जैविक डेटासाठी फरिदाबादचे केंद्र २०२२मध्ये सुरू झाले. फाइलबरोबर रकान्यांचा खुलासा आणि वापराचा परवाना द्यायचा. खुलाशात ‘बोडी’ म्हणजे काय हेही लिहावे लागते. हेलसिंकीच्या अभ्यासकाला ते कसे कळणार? चढवलेली फाइल परत घेता येत नाही हेही ध्यानात ठेवायचे, कारण तोवर तिच्या प्रती निघालेल्या असतात.

उरतो शेवटचा रकाना, मोजणारा कोण. उघड्या डेटातून हजारो किलोमीटरवरचा अभ्यासक निबंध लिहितो आणि पहाटे चारला उठून तलावावर बसलेला माणूस आभाराच्या ओळीतही नसतो, ही तक्रार जगभर आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२३च्या अहवालामागे सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदी होत्या. प्रत्येकाला लेखक करता येत नाही हे खरे. पण डेटाच्या फाइलला स्वतःचे लेखक असू शकतात, आणि तिथे सारसमित्र शेतकऱ्याचे नाव त्याला विचारून घालता येते. तो नको म्हणाला तर ते गाळायचे, कारण त्याच्या नावामागे त्याचा सातबारा आहे.

झाकलेला डेटा कधी उघडायचा, याला एकच मुदत लावता येत नाही. कॉलर गळून पडली आणि वाघीण दुसऱ्या जंगलात गेली, की तिच्या जुन्या वाटा काही वर्षांनी खुल्या करायला हरकत नसते. सिकलसेलची नोंद पिढीबरोबर जुनी होत नाही, ती नातवंडांनाही लागू असते. सारसाचे घरटे पावसाळा संपला की मोडते, पण त्याचा अक्षांश मोडत नाही. जोडी पुढच्या रोवणीच्या वेळी बहुधा त्याच पाणथळीत परतते, आणि चौथा दशांश तोवर खराच राहिलेला असतो.